सलोमीकडे आलेला पाहुणा

साक्षात्काराच्या गोष्टी कुणी सांगू लागलं की मी विडीचं निमित्त करून उठणारा माणूस. जन्माने ख्रिस्ती, पण चर्चची पायरी चढायची ती नाताळला, नाहीतर कुणाच्या लग्नाला. धंद्याने गवंडी... ओळंब्यात बसेल तेवढंच खरं. तरी हे लिहितोय, कारण हे माझ्याच घरात घडलं, भर दुपारी.

साठ-एकसष्ट साल असेल. आम्ही महागावला राहायचो. बायकोचं नाव सलोमी. दिवसभर लोकांची घरं बांधून झाली की मी आमचं बांधायला घ्यायचो. असं करत दोन खोल्या उभ्या केल्या, तिच्यासाठी. येणारा-जाणारा भिंतीवर हात फिरवून बघायचा. सलोमी मात्र सारवता सारवता म्हणायची, "चांगलं हाय जी. पन हा आपला मुक्काम. घर वरतं हाय."

हे ऐकलं की माझ्या अंगाची आग व्हायची.

एकदा विचारलंच. "काहून? माह्या घरात काय कमी हाय?"

"कमी काहीच नाही. पन तिथं माही वाट पाहून राह्यले."

कोण, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माहीत होतं. माणूस शेजाऱ्याचा हेवा करतो, भावाचा करतो... मी प्रभूचा करत होतो! पहाटे ती डोळे मिटून प्रार्थनेला बसली की चेहरा असा काही उजळायचा, की मी मुद्दाम भांडी आदळायचो. तिचे डोळे उघडायचे नाहीत.

त्या हिवाळ्यात तिला मुदतीचा ताप आला. डॉक्टरांनी औषध दिलं, पण ताप उतरेना. बोलायचं त्राणसुद्धा उरलं नव्हतं, पाणी हवं असलं तरी बोटाने खूण करायची. मी कामावर गेलो की शेजारच्या गंगाबाई तूर निवडायला आमच्याच ओट्यावर येऊन बसायच्या, तिच्यावर लक्ष राहावं म्हणून.

एक दिवस दुपारी जेवायला आलो, तर गंगाबाईंनी सूप बाजूला ठेवलं होतं.

"भाऊ, कोन पाहुना हाय जी आतमंदी? मी तं इथंच बसून हाय, कोनी जाताना नाही दिसलं."

मी कान दिला. आत सलोमी बोलत होती... स्पष्ट, भरल्या आवाजात. मध्येच पुरुषाचा आवाज, हळू. शब्द कळत नव्हते. आणि मग ती हसली. लग्नाआधी मुली विहिरीवर हसतात तशी, मोकळी.

डोक्यात रक्त चढलं. दार ढकलून आत गेलो. कुणी नव्हतं! ती खाटेवर एकटी. मागची खोली पाहिली, खाटेखाली पाहिलं. घराला दार एकच, त्यातूनच मी आत आलो होतो, आणि बाहेर गंगाबाई. खोलीत मात्र ओल्या चुन्याचा वास भरला होता, नुकतं काम केल्यासारखा. भिंतीला हात लावला — कोरडी ठणठणीत.

"कोन होतं?"

"आत्ताच गेले," ती म्हणाली. "घर तयार हाय म्हनत होते."

मी खाटेशी बसलो. तोंडातून निघालं ते असं, "माही गोष्ट नाही काढली त्यानं?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही.

"तुमचं तुमीच इचारा ना त्याहिले."

त्याच आठवड्यात, सकाळी मी तिला चहा पाजत असताना ती गेली. शेवटचा घोट घेतला आणि दाराकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. मातीला आलेले लोक म्हणत होते, किती शांत चेहरा आहे. मला ते ऐकवत नव्हतं.

तापात भास होतात, हे मलाही कळतं. पण ताप तिला होता. आवाज मी ऐकला, गंगाबाईंनी ऐकला. त्या बाई ख्रिस्ती नव्हत्या, त्यांना प्रार्थनेतलं काही माहीत नव्हतं, तरी मरेपर्यंत तेच सांगत राहिल्या. चर्चच्या पाळकसाहेबांनी, हे मनाचे खेळ असतात म्हणून, मला बरंच समजावलं. तेही पटलं नाही.

त्यानंतर मी दर रविवारी चर्चला जाऊ लागलो, अजून जातो. लोक म्हणतात, बायको गेल्यावर माणूस विश्वासात आला. असेलही. मी मागच्या बाकावर बसतो आणि डोळे मिटून एकच गोष्ट विचारतो — असं काय बोललास तिच्याशी, की ती तशी हसली? माझ्याशी बोलताना ती तशी कधीच हसली नव्हती.