बाजाराच्या दिवशीचा अहवाल

मनीषा भोये मूळची सुरगाण्याकडची. नाशिकला पंचवटीत तिचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. ते सांभाळून ती एक अ‍ॅप करवून घेत होती: डोंगराकडच्या अंगणवाडीतल्या मुलांना त्यांच्याच बोलीत शब्द ऐकवणारं, फुकटचं. ती स्वतः पहिलीत वर्षभर गप्प बसली होती, कारण बाई काय बोलतात तेच कळत नव्हतं. जूनच्या आत अ‍ॅप तयार हवं, एवढा एकच तिचा हट्ट होता.

काम करणारे आम्ही पाच जण, सगळे बिनपगारी, आपापल्या घरून. मी सर्वांचा आप्पा. सातपूरच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं तपासनीस होतो. आता घरी एकटाच. माझ्याकडे चित्रं आणि शब्द तपासायचं काम होतं. पण रक्तातली तपासनिशी जाते कुठे? रोज संध्याकाळी सातला प्रत्येकाने ग्रुपवर अहवाल टाकायचा, असा नियम मीच काढला. मनीषा म्हणाली, आठवड्यातून एकदा पुरे. मी तिला शिस्तीवर अर्धा तास ऐकवलं. तिच्या दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं, म्हणून ती हो म्हणाली असावी.

अहवालांचा पाऊस पडला आणि काम आटलं. अमोल रोज "काम चालू आहे" हेच वाक्य चिकटवायचा. रोशनीचा अहवाल इतका सुंदर असायचा की तो लिहिण्यातच तिची संध्याकाळ जायची. मी मात्र खूष. फक्त लखनचे अहवाल आठवड्याभरात बंद पडले. लखन सुरगाण्यापलीकडच्या पाड्यावर राहतो; अ‍ॅपचा सगळा प्रोग्राम तोच लिहायचा. चार दिवस वाट पाहून मी ग्रुपवर त्याला झाडलं: फुकट काम करतो म्हणून वाटेल तसं वागायचं का?

दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं: मी थांबतो, माझं काम दुसऱ्याला द्या. ते दुसऱ्या कोणाला येत नव्हतं, आणि मार्च उजाडला होता.

रविवारी दुकान बंद ठेवून मनीषाने मला जीपमध्ये बसवलं. लखनच्या घरी पोचल्यावर कळलं की पाड्यावर नेटवर्कच नाही. त्यासाठी वरच्या खिंडीत जावं लागतं, तासभर चढ, तासभर उतार. माझ्या सात वाजण्यापायी त्याची रोजची संध्याकाळ जात होती, म्हणून त्याने अहवाल सोडला होता. काम मात्र चालूच होतं, तोवरचं सगळं लॅपटॉपवर तयार होतं. उंटावरून शेळ्या हाकणारा मी मान खाली घालून चहा प्यायलो.

लखनची आई, भागीबाई, हे सगळं ऐकत होती.

"आमची माणसं द्राक्षाच्या कामाला जातात," ती म्हणाली, "तवा बाजाराच्या दिवशी जीपवाल्याजवळ निरोप देतात. काय नसंल तर 'बरं हाय', एवढाच. निरोप नाय आला, का आम्ही बघाया जातो."

मनीषाने तिथेच ठरवलं. अहवाल आठवड्यातून एकदा, सुरगाण्याच्या बाजाराच्या दिवशी. लखन तिथे जातोच आणि तिथे नेटवर्क असतं. तीन ओळी: काय झालं, घोडं कुठे पेंड खातंय, पुढे काय. काहीच झालं नसेल तर तसं लिहायचं, लाजायचं नाही. मी लखनची माफी मागितली. तो हसला आणि त्याने मला नवा भाग दाखवायला घेतला.

मेच्या शेवटच्या बाजाराला त्याचा अहवाल आला: अ‍ॅप पूर्ण झालं. ग्रुपवर नुसता जल्लोष. मी तापाने फणफणत पडलो होतो. कामच केलं नाही तर लिहायचं काय, या जुन्या खोडीने गप्प होतो.

तासाभरात दार वाजलं. दुकानासमोरची रांग सोडून मनीषा आली होती. अ‍ॅप झालं म्हणून मी तिचं अभिनंदन करायला लागलो.

"ते राहू द्या आप्पा," ती म्हणाली. "तुमचा निरोप आला नाही."

बत्तीस वर्षांत मी हजारो अहवाल लिहिले. त्यातला एक चुकला म्हणून कोणी माझ्या दारात आलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते मी तापावर ढकललं.