ढोलीचा पत्ता बाहेर गेला कसा?

दोस्तहो, सकाळी निघालो कन्हानला अन् भटकत शिरलो आपल्या रानपिंगळ्याच्या जंगलात. दुर्मीळ घुबड ते, त्याले जुन्या झाडाची ढोलीच लागते.

ज्या सागाच्या ढोलीत त्याची पिल्लं आहेत, त्याच सागाले दोघं जण शिडी लावून राहिले होते.

"काका, काय चाललंय?"

"मध काढून राहिलो गा."

"धूर न करता? अन् पोळं कुठाय?"

"तुले काय करायचं बे? जाय आपल्या रस्त्यानं."

मी फोटो काढायले लागलो, तशी दोघांनी शिडी उचलली. त्यांच्या पिशवीतून जाळी लोंबत होती.

पिल्लांले अजून उडता येत नाही. वनरक्षकाले फोन केलाय, तो येईपर्यंत मी इथंच बसून आहे.

या झाडाचं लोकेशन मी फक्त आपल्या ग्रुपवर टाकलं होतं. ती चूक माझी. आता खरं सांगा, तुमच्यापैकी कोणी ते पुढं पाठवलं?