खालच्या मावशींचा कूलर

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि आमच्यासारख्या सिमेंट-सळ्यावाल्यांना सोन्याचे दिवस आले. बंगले, दफ्तरं, रस्ते, सगळं एकदमच बांधायला निघालेलं. त्या वर्षी कंपनीनं जास्त माल उचलणाऱ्या दुकानदारांना बँकॉकची सहल दिली. आमच्या खानदानात विमानात बसलेला मी पहिलाच. बायकोनं ओवाळून पाठवलं.

परत आलो आणि दुसऱ्याच दिवशी हुडहुडी भरली. डोळ्यांमागं ठणका, हाडं कुणी कुटून काढल्यासारखी. डेंग्यू निघाला. डॉक्टरांनी तारखा विचारल्या, बोटांवर मोजल्या आणि म्हणाले, "ये तो आप वहीं से लाए हो." वर बजावलं, की आठवडाभर दिवसासुद्धा मच्छरदाणीतच पडायचं. मला चावलेला मच्छर दुसऱ्याला चावला तर त्यालाही हेच होईल. बायको तेव्हा औषधं आणायला गेली होती. म्हणजे हे ऐकलं ते मी एकट्यानं.

संध्याकाळी सदर बाजारातली दोस्तमंडळी भेटायला आली. बँकॉक म्हटलं की पुरुषमाणसं कशी हसतात, ते काय सांगायचं! एकानं डोळा मारला, "काहून रे, तिकडूनच काही आणलं का?" सगळे खो-खो हसले. दारात बायको चहाचा ट्रे घेऊन उभी. तिचा चेहरा पडला. मी काहीच केलं नव्हतं हो तिकडं, देवाशपथ! पण माझी अशी तंतरली की तोंडातून निघून गेलं, "छे! खालच्या मावशींचा कूलर पाहा जाऊन. महिना-महिना पाणी बदलत नाहीत."

खलास. सगळ्यांना पटलं. या मावशी बूढापारा मोहल्ल्यातल्या आमच्याच घरात खालच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायच्या. नवरा रेल्वेत होता, तो गेला. मुलगा भिलाईला. बायको तशीच खाली गेली आणि त्यांना नाही नाही ते बोलून आली. मी वरून सगळं ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी मावशी पपईच्या पानांचा रस घेऊन वर आल्या. "माह्यामुळं तुमाले तरास झाला, भाऊ. आता कूलर बंदच केला मी." मग रोज दुपारी यायच्या, उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायच्या. आणि मी? मच्छरदाणी खिळ्याला गुंडाळून ठेवलेली. भेटायला येणाऱ्यांना विमानाच्या गोष्टी सांगायच्या होत्या ना, जाळीतून कोण बोलणार! एकदा मावशींच्या मनगटावर मच्छर बसलेला दिसला. मी "मावशी" म्हणेपर्यंत तो उडाला. खरं सांगायला तोंड उघडावं, तर बायकोचा तो पडलेला चेहरा आठवायचा. मी डोळे मिटून घ्यायचो.

मी उठून दुकानात जायला लागलो आणि दोनेक आठवड्यांत मावशी पडल्या. वय झालेलं, त्यात शुगर. प्लेटलेट्स धडाधड उतरल्या. दवाखान्यात मीच नेलं, दोन दिवस रक्तपेढीच्या खेपा मीच घातल्या. मोहल्ल्यात लोक म्हणाले, भाडेकरूसाठी एवढं कोण करतं! लाज वाटायची, पण ऐकायला बरंही वाटायचं. हे लिहितानाही लाज वाटते.

जिवावरचं टळलं, त्या दिवशी त्यांच्या खाटेजवळ आम्ही सगळे होतो. भिलाईहून आलेला मुलगा आईवर चिडला होता, "मां, कितनी बार बोला था, कूलर साफ रखो!" मावशींनी मान खाली घातली. मग सलाईन लावलेला हात कसाबसा उचलून माझ्यापुढं जोडला.

"माह्या आळसापायी तुमचाबी जीव गेला असता, भाऊ. माफ करजा."

बायको माझ्याकडं पाहत होती. मुलगाही पाहत होता. त्या क्षणी सांगायचं होतं. तेवढंच करायचं होतं मला.

"असू द्या मावशी," मी म्हणालो, "माफ केलं."