शेऱ्याचा रकाना

परत आलेली पुस्तकं आधी झटकावी लागतात. एसटीचं तिकीट, लग्नपत्रिकेचा तुकडा, एकदा तर तुरीची शेंग निघाली! किस्सेही असेच जमतात. मुद्दाम कोणी ठेवत नाही, झटकलं की पडतात. बाभुळगावच्या आमच्या वाचनालयात पुस्तकं कॉम्प्युटरवर शोधायची सोय झाली, तेव्हाचे हे काही.

*

पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर चढवली ती माझ्या पत्नीने, सुनंदाने. तीन वर्षं, रोज दुपारी. नाव, लेखक, विषय आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात 'पान फाटके', 'बांधणी सैल' असं लिहायचं असतं. सुनंदाने तिथे मनात येईल ते लिहिलं. ती गेली त्याला दोन वर्षं झाली. यादी राहिली.

मग शोधायची सोय बसवायला यवतमाळहून इरफान आला. पहिल्याच दिवशी शेतकरी नामदेवराव दारात. "बोंडअळीवरचं पुस्तक पाह्यजे."

इरफानने 'बोंडअळी' टाकलं. काही नाही!

झाडू मारणाऱ्या कौताबाईंनी मान वर न करता सांगितलं, "तिसरं कपाट, खालून दुसरी फळी. निळं."

निघालं. पुस्तकाचं नाव 'कपाशीवरील किडी'.

"काका, मी नुसत्या नावात शोधून राह्यलो होतो," इरफान म्हणाला.

"नावात कायले शोधतं बापा?" कौताबाई म्हणाल्या. "अळी काय पाटीवर बसते?"

*

इरफानने मग चारही रकान्यांत शोध चालेल असं केलं. उद्घाटनाला थोटे सर बसले. आमचे सचिव, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना रहस्यकथा आवडतात, म्हणून त्यांनी टाकलं, 'चोर'.

सगळ्यात वर आलं लोणच्या-मुरंब्यांचं पुस्तक! शेरा होता, 'थोटे सरांकडे चार महिने. चोर म्हणणार नाही.'

"अहो, ती 'म्हणणार नाही' म्हणते आहे!" मी सावरून घेतलं.

"मशीनले 'नाही' नाही समजत, सर," इरफान म्हणाला. "शब्द दिसला की उचलते."

पुस्तक दुसऱ्या दिवशी परत आलं. मेथीच्या वासासकट. आणि सोबत थोटे सरांचं फर्मान, "शेऱ्याचा रकानाच काढून टाकू. पुढच्या बैठकीत ठराव आणतो!"

सगळ्यांबरोबर मीही हसलो होतो. पण सुनंदा पत्रं लिहिणाऱ्यांतली नव्हती. तिने लिहिलेलं माझ्याजवळ जे आहे, ते त्या रकान्यातच.

*

शोध लागायचा, पण तोवर चहा होऊन जायचा.

"दरवेळी पहिल्या पुस्तकापासून शेवटापर्यंत पूरं वाचते मशीन," इरफानने कारण सांगितलं.

"बघा! शेऱ्याचं ओझं," थोटे सर म्हणाले. "काढा."

इरफानने माझ्याकडे पाहिलं. "ओझं हाये सर, पण काढायचं काहून? पुस्तकाच्या मागे सूची राहते ना, कोणता शब्द कोणत्या पानावर? तशी करून देतो. मंग दरवेळी पूरं वाचायचं कामच नाही."

दोन दिवसांत झालं. बटण दाबायचा अवकाश, उत्तर हजर! आम्ही कौताबाईंशी शर्यत लावली. कौताबाई पहिल्यांदा हरल्या.

"तिले कपाटापर्यंत चालत जा लागत नाही," त्या म्हणाल्या.

*

बैठकीच्या दिवशी थोटे सरांनी ठराव लिहूनच आणला होता. सहीसाठी पेनही उघडलेलं. "या शेऱ्यांचा एक तरी उपयोग दाखवा," ते म्हणाले.



कौताबाई चहा ठेवत होत्या. "मले एक पुस्तक पाह्यजे," त्या म्हणाल्या.

कौताबाईंना वाचता येत नाही.

"नाव नाही मालूम. सुनंदाबाई दुपारी वाचे. शेवटाले मले सोबत बसवलं होतं."

"रंग कोणता?" थोटे सरांनी विचारलं.

"पेपरचं कव्हर होतं. रंग मालूम असता तर तुमाले कायले विचारलं असतं?"

इरफानने 'सोबत' टाकलं. तीन पुस्तकं आली. थोटे सर एकेकाचा शेरा मोठ्याने वाचू लागले. तिसऱ्याला त्यांचा आवाज खाली आला. 'शेवटचं प्रकरण एकटीला वाचवेना. कौताबाईंना सोबत बसवलं. यांनीही एकट्याने वाचू नये.'

कपाटाचा नंबर पडद्यावर होता. इरफान जाऊन पुस्तक घेऊन आला. कौताबाईंनी ते त्याच्या हातून घेतलं, पदराने पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मग स्टूल ओढून बसल्या.

"वाचा भाऊ. शेवटचंच."

मी वाचायला लागलो. दुसऱ्या ओळीला थोटे सरांनी पेनाचं टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि खुर्ची पुढे घेतली.

"इरफान," ते म्हणाले, "तो पंखा कमी कर. ऐकू येत नाही."