मधात तिसरा नसला तर

आज सकाळपासून धुकं आहे. अंगणातल्या बाकाचा पलीकडचा कोपराही नीट दिसत नाही. अशा हवेत जुन्या गोष्टी जवळ येतात. मी आणि युसूफभाई, आम्ही लोहारा गावाकडे विजेचे खांब रोवायचो. तिथला एक किस्सा काढला की मागून दुसरा येतोच.

शाळा मी पाहिली नाही. माझी पोरगी शारदा मात्र कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. एकदा म्हणाली, "बाबा, कागदावर ठिपके काढायचे. दोघायच्या मधात तिसरा नसला, तरच रेघेनं जोडायचं. या रेघेवर लय कामं चालतात."

हे तर युसूफभाईला आधीच ठाऊक होतं. एकदा साहेबांनी नकाशावर खांबापासून पार लांबच्या विहिरीपर्यंत सरळ तार ओढली. युसूफभाई शांतपणे म्हणाला, "सायब, मधातल्या विहिरीनं काय पाप केलं?"

नकाशा बदलला!

*

कपाशीवर गुलाबी अळी आली, त्या साली शारदानं गावातली वावरं ठिपक्यांनी मांडली. शेजारी शेजाऱ्याला जोडला आणि अळी पुढे कुठे जाईल ते दाखवलं. सापळे तिथंच आधी लावले. लोक चकित. युसूफभाई म्हणे, "अळीले काय यष्टी लागते? वावराचा धुरा वलांडला की झालं."

*

मग शारदानं आमचे जुने फोटो मोबाईलमध्ये टाकले. मोबाईल म्हणे सारखे चेहरे जवळजवळ ठेवतो. त्यानं मला आणि युसूफभाईला एकाच माणसाच्या खात्यात घातलं! शारदा हसून हसून बेजार. युसूफभाईनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "मशीनले माही दाढी नाही दिसली. सोबत बसलो, तेवढं दिसलं."

*

डोळ्याच्या ऑपरेशननंतर युसूफभाईला त्याच्या पोरानं पुसदला नेलं. त्याला फोनवर ऐकू येत नाही. माझे गुडघे एसटीची पायरी चढत नाहीत.

दिवाळीत शारदा आली, तेव्हा शेजारचे विठ्ठलराव चहाला होते. मी तिला म्हटलं, गावांचे ठिपके काढ आणि आम्हा दोघांना जोड. तिनं रेघ ओढली. मधात दारव्हा आलं, दिग्रस आलं. तिनं हळूच रेघ पुसली. म्हणाली, नियम आहे बाबा.

विठ्ठलराव पुसलेल्या रेघेकडे पाहत चहा पीत राहिले.

आज धुक्यातून तेच आले. बाकाच्या अलीकडे मी. पलीकडचा कोपरा युसूफभाईचा, तिथं अजून कोणी टेकत नाही. मी मधली जागा पंच्यानं पुसली, बसा म्हटलं. ते मी दिलेला चहाचा कप घेऊन उभेच राहिले.

"नाही भाऊ, मी उभाच बरा. मधात तिसरा आला की रेघ पुसा लागते."