नानासाहेबांचं ताजं पाणी

आमच्या शेजारच्या नानासाहेबांना सारं चिंचवड मान द्यायचं. मी नाही दिला कधी. भिंतीला भिंत लागून तीस वर्षं काढली, मला मेलीला सगळं ऐकू यायचं.

माणसानं जन्मभर खडकीच्या लष्करी कोठारात खोकी मोजली, पण घरात रुबाब कलेक्टरचा. पायातल्या वहाणासुद्धा बायकोनं उचलून ठेवायच्या. त्या बिचाऱ्या गोजाबाईंनी उभ्या जन्मात नवऱ्याला उलट उत्तर दिलं नव्हतं. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, तो मी रोज भिंतीआडून ऐकला.

छप्पन साली पेन्शन झाली आणि यांच्या डोक्यात मासे शिरले. कोठारातल्या साहेबाच्या बंगल्यावर म्हणे काचेच्या पेटीत मासे असायचे. साहेब गेला विलायतेला, हौस ठेवून गेला यांच्यापाशी. त्याच वैशाखात त्यांच्या ज्योतीरामचं लग्न झालं, चाकणजवळच्या निघोजची शालन सून होऊन आली, आणि आठ दिवसांत पुण्याच्या कँपातून पेटी आली. आत सहा सोनेरी मासे.

दुकानदार म्हातारा जाणता होता. ज्योतीरामच्या समोर त्यानं सांगितलं, "पाणी सगळं एकदम बदलू नका. दोन तांबे काढा, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं दोन तांबे घाला. खायला चिमूटभर, जास्त नाही."

पण पालथ्या घड्यावर पाणी! नानासाहेब म्हणाले, "शिळं पाणी? आमच्या घरात रातचं पाणी सकाळी कुत्र्याला बी ठेवत न्हाईत."

आता रात्रीचं पाणी ओतून ताजं भरायचं, ही रीत माझ्याही घरात आहे. पण ती माणसांची. हे महाराज रोज पहाटे मासे पातेल्यात काढायचे, पेटी राखेनं खसाखसा घासायचे आणि विहिरीचं गारढोण पाणी वरून ओतायचे. शिवाय येईल त्या पाहुण्याला मूठभर चुरमुरे द्यायचे, "टाका, टाका, पुण्य हाय!" देहूच्या डोहात लोक टाकतात ना माशांना! अहो, तिथं अख्खी इंद्रायणी आहे, इथं चार घागरी पाणी!

पाचव्या दिवशी दोन मासे उलटे झाले, आठव्या दिवशी पेटी रिकामी. नानासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सुनेचा पायगुण." दुसऱ्या खेपेचे सहा मेले तेव्हाही तेच. तिसरे सहा आणले आणि ओटीवर बसून हुकूम सोडला, "ज्योतीराम, ह्ये मेले तर पोरीला निघोजला पोचव. परत आणायची न्हाई."

ज्योतीराम पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात शिफ्टला जायचा. यंत्राला भ्यायचा नाही, बापाला भ्यायचा. मान खाली घालून डबा उचलला आणि गेला. नेभळट मेला!

शालन विहिरीवर माझ्याजवळ रडली. "काकी, माझ्या पाठच्या दोघी लग्नाच्या हायेत. मी अशी परत गेले तर त्यांना कोण करून घेईल?"

देवानं ऐकलं म्हणायचं. नानासाहेब नऊ दिवस जुन्नरला पुतण्याच्या लग्नाला गेले. ज्योतीरामनं बायकोच्या कानात दुकानदाराचं बोलणं सांगितलं. निदान तेवढं तरी केलं. शालननं एक घागर भरून कोपऱ्यात ठेवली. रोज दोन तांबे काढायची, दोन घालायची. चिमूटभर कणीक, आणि बघ्यांना दार बंद. नऊ दिवसांत एक मासा मेला नाही. ती काचेवर बोट फिरवी तसे मागोमाग फिरायचे. गोजाबाई पेटीसमोर फतकल मारून बसायच्या आणि हसायच्या. त्यांचे दात मी कितीतरी वर्षांनी पाहिले.

दहाव्या दिवशी सकाळी नानासाहेब आले. काचेला जरा शेवाळ धरलेलं. "काय ही घाण!" टोपीसुद्धा काढली नाही, पेटी ओतायला बसले.

"मामंजी, नका," शालन म्हणाली.

"तू शिकवणार मला?" राख, घासणं, विहिरीची ताजी घागर, सगळं यथासांग झालं. दुपारपर्यंत सहाही मासे पोट वर करून तरंगत होते.

आरडाओरडा ऐकून मी गेले. नानासाहेब सुनेवर बोट रोखून उभे. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "नानासाहेब, नाचता येईना अंगण वाकडं! आज तिनं पेटीला बोट लावलं न्हाई. पाणी तुम्ही बदललंत."

मला वाटलं, सापडला चोर. कुठलं काय!

"पण घागर कुणी घासली?" ते म्हणाले. "तिच्याच हातची ना घागर?"

वा रे बहाद्दर! घागर शालननंच घासली होती, सकाळी विहिरीवर माझ्यासमोर. पोरगी दांडीवरचं लुगडं काढून घडी घालायला लागली.

चुलीपासून आवाज आला, "घागर मी घासली."

गोजाबाई उठून बाहेर आल्या. हात पिठाचे. "माझाच पायगुण वाईट असंल. मला पोचवा म्हायेरी. तिथं आता कोन ऱ्हायलं न्हाई, तरी पोचवा. कवा निघायचं?"

नानासाहेबांचा चेहरा उतरला. गर्रकन माझ्याकडे वळले. "विमलबाई, तुमी व्हता की विहिरीवर. खरं सांगा."

"व्हय, व्हते," मी म्हटलं. "गोजाबाईच घासत व्हत्या. राख माझ्याकडनं घेतली त्यांनी."

खोटं बोलून इतकं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं.

नानासाहेब पेटीकडे वळले. मग म्हणाले, "त्या म्हाताऱ्या दुकानदारानं मासेच नासके दिले." आणि पाटावर जाऊन बसले. "वाढा."

गोजाबाईंनी शालनच्या हातातलं लुगडं घेतलं आणि दांडीवर परत टाकलं.

"घ्या वाढून," त्या म्हणाल्या.