रिलीज

ओमानमधल्या मत्रहच्या बंदरासमोरच्या चहाच्या हॉटेलात दर शुक्रवारी चाचा टीव्हीखालचीच खुर्ची धरत. रत्नागिरीकडचे, एसी दुरुस्त करणारे. सगळे त्यांना चाचा म्हणत, त्यामुळे नाव विचारायचं राहूनच गेलं. टी-ट्वेंटीच्या टीमा खेळाडू विकत घेत, बदलत, सोडत. आणि मॅनेजरांच्या त्या निर्णयांवर निकाल द्यायचं काम चाचांनी स्वतःकडे घेतलं होतं. करंगळीने चहावरची साय बाजूला सारून ते फर्मावत, "पापलेट देऊन बांगडा घेतलान! ह्याला घरी पाठवा." आदल्या वर्षी त्याच बांगड्याला ते पापलेट म्हणाले होते, पण न्यायाधीशाला मागचे निकाल कोण विचारतो?

एका शुक्रवारी त्यांच्या लाडक्या फलंदाजालाच टीमने सोडलं. सगळं हॉटेल मॅनेजरवर तुटून पडलं. चाचा मात्र चहावरची साय सारत राहिले.

"काय चाचा, आज निकाल राखून ठेवलात?" मी डिवचलं.

"रिलीज दिलान ना त्याला?"

"दिला की."

"न मागता?"

"न मागता."

"मग मानूस चांगला हाय."

सगळे हसले. मीही हसणार होतो, पण आठवलं. ओमानात तेव्हा नोकरी बदलायची तर जुन्या मालकाच्या सहीचा रिलीज लागायचा. चाचांना सूर शहरात चांगली जागा मिळत होती, आणि त्यांचा अर्बाब, म्हणजे मालक, कित्येक महिने नुसतं 'इन्शाल्ला' म्हणत होता.

पडद्यावर मॅनेजर सूटबूट घालून खुलासा देत होता. चाचांनी त्याला बराच वेळ न्याहाळलं.

"ह्याच्या हापिसात एसी असंल ना?"